कॅमसाठी ठेवलेली वही

३ तारीख, सोमवार

ही वही गाडीची आहे, माझी नव्हे. मास्तरांनी गृहपाठ दिलाय.

मास्तर म्हणजे कॅमशाफ्ट घासून देणारे गृहस्थ. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही, पण येणाऱ्या प्रत्येकाला आधी प्रश्न विचारतात आणि उत्तर चुकलं की चष्म्यावरून बघतात. महिनाभर माझ्या इंजिनातून टिकटिक येत होती. त्यांनी वरचं झाकण काढलं, कॅमच्या दांड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तिसरा उंचवटा झिजलाय. हे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात. झिजले की व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो आणि इंजिन अर्ध्या श्वासावर चालतं." म्हणजे कॅम बदलायला हवाच. मग मीही मनातलं बोलून टाकलं. बदलायचाच आहे तर शर्यतीच्या गाड्यांत असतो तसला दमदार बसवू या.

"गाडी रोजच्या वापराची ना?"

"रोजचीच."

"मग तीन आठवडे वही ठेवा. कुठून कुठे, किती वेळ, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा किती हजारांवर, गाडीत कोण, आणि शेरा. कॅम स्वप्नातल्या रस्त्यासाठी निवडायचा नसतो, रोजच्या रस्त्यासाठी निवडायचा असतो. आणि खोटं लिहू नका."

गाडीत कोण हे कशाला, असं विचारलं तर म्हणाले, मला वजन कळायला हवं.

बावीस वर्षं मी पाण्याचे मीटर तपासतोय. दिवसभर आकडे लिहून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा आकडे. असो. कच्चं इथे लिहितो, मास्तरांना नंतर फेअर करून देईन.

सकाळी घर ते हिचा छापखाना ते माझं ऑफिस. ४० मि. काटा दीड ते अडीच हजार. गाडीत: मी, ही. संध्याकाळी ऑफिस ते घर. ३५ मि. गाडीत: मी. फाटकासमोर इंजिन चालू, २० मि., काटा साडेआठशे. शेरा: इंजिन तापलेलं असताना एकदम बंद करू नये म्हणतात.

४ तारीख, मंगळवार

सकाळी कालच्यासारखंच, फक्त पाच मिनिटं जास्त लागली. हिला बोलायचं होतं म्हणून मी सावकाश चालवली, पण मग सिग्नलच सगळे हिरवे लागले.

रविवारी हिला पत्र आलंय. छापखान्याची नवी शाखा निघतेय, इथून एकशे नव्वद किलोमीटरवर. प्रूफं तपासणाऱ्यांची प्रमुख म्हणून हिला बोलावलंय. पंचवीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं, एक तारखेला रुजू व्हायचं. मला इथली नोकरी आणखी सात वर्षं आहे, त्यामुळे जायचं तर हिने एकटीने. "तुम्हाला काय वाटतं?" असं हिने विचारलं. मी म्हटलं, तुझं तू बघ. आडवं यायचं नाही असं माझं पहिल्यापासूनचं धोरण आहे.

मग कॅमबद्दल सांगितलं. हिने ऐकून घेतलं.

फाटकासमोर, इंजिन चालू: १८ मि.

६ तारीख, गुरुवार

दिवसभर मीटर. संध्याकाळी पुलाच्या चढावर एका दूधवाल्या टेम्पोने मला मागे टाकलं. टेम्पो भरलेला होता.

खरं लिहा म्हणालेत म्हणून लिहितो. मी एक्कावन्न वर्षांचा आहे. नाकासमोर चालत आलो, नाकासमोरच निवृत्त होईन. त्या चढावर एकदा, फक्त एकदा, माझ्या गाडीने कुणाला तरी मागे टाकावं एवढीच इच्छा आहे. त्यासाठी कॅम हवाय. हे फेअर करताना गाळायचं.

काटा सर्वात जास्त: ३२००. फाटकासमोर: २२ मि. आत पाऊल टाकलं तर टेबलावर चहा, वाफ निघणारा. रोज असाच. हिला वेळेचं हे गणित कसं जमतं कोण जाणे.

८ तारीख, शनिवार

ऑफिसात एक सहकारी आहे, त्याला सगळे टर्बो म्हणतात. त्याच्या गाडीत मला हवा तसला कॅम आहे. आज त्याने फिरवून आणलं.

उभी असताना ती गाडी हिवताप आल्यासारखी थरथरते. दोन सिग्नलवर बंद पडली. ब्रेकचा पेडल दगडासारखा. खालच्या वेगात तिच्यात जीव म्हणून नाही. पण पुलावर त्याने पाय दाबला, काटा चार हजारांच्या पुढे गेला आणि गाडीच्या अंगात आलं. पाठ सीटला चिकटली. मी मोठ्याने हसलो. शेवटचा असा कधी हसलो होतो ते आठवायचा प्रयत्न केला, नाही आठवलं.

"घ्या हो, बिनधास्त घ्या," टर्बो म्हणाला. "एकदा घेतलात की मागे वळून बघणार नाही."

"बायको काय म्हणते?"

"ती बसतच नाही यात."

११ तारीख, मंगळवार

दमलो. कारण काही नाही. चाळीस मीटर तपासले, रोज तेवढेच तपासतो.

जेवताना हिला सांगत होतो की साध्या कॅमने व्हॉल्व्ह नऊ मिलिमीटर उघडतो आणि टर्बोच्या कॅमने अकरा. ही म्हणाली, "अहो, मला एक सांगायचंय." मी म्हटलं थांब, दोन मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात पण हवा किती जास्त जाते बघ. ते समजावून होईपर्यंत हिचं जेवण झालं होतं. काय सांगायचं होतं ते मग राहिलंच.

त्याआधी संध्याकाळी फाटकासमोर: २५ मि. डोळे मिटून बसलो होतो. मध्येच फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटली. टिकटिक आता फारच वाढली आहे, मास्तरांना सांगायला हवं.

१२ तारीख, बुधवार

आजपासून ही बसने जाते. सकाळी चपला घालताना म्हणाली, "तुम्ही निघा. मी बसने जाईन. सवय करून घेते."

बरंच आहे एका अर्थी. छापखान्याकडे वळायचं नाही म्हणजे बारा मिनिटं वाचतात.

गाडीत: मी. शेरा: एका माणसाचं वजन कमी झाल्याने पिकअपमध्ये किंचित फरक. पुलावर काटा ३४००. टेम्पो दिसला नाही.

१४ तारीख, शुक्रवार

गाडीत: मी.

वाचलेल्या बारा मिनिटांत काय करावं ते कळत नाही. ऑफिसच्या आवारात गाडीतच बसून राहिलो. इंजिन चालू, १२ मि.

१८ तारीख, मंगळवार

मुलीचा फोन आला. ती शिकायला दूर असते आणि फोन आईलाच करते. मला केला म्हणजे काहीतरी काम.

"बाबा, आईशी बोललात का?"

"रोजच बोलतो की."

"त्या पत्राबद्दल. आईने जावं की राहावं? तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही तिला सांगितलंत का?"

"तिचा निर्णय आहे. मी कशाला मध्ये पडू?"

ती म्हणाली, "बाबा, मध्ये पडू नका. पण निदान जवळ तरी उभे राहा."

पोरगी मोठी झाली. मी विषय बदलून कॅमचं सांगितलं. तिने फोन ठेवला. क्लासची वेळ झाली असणार.

फाटकासमोर: ३० मि.

२३ तारीख, रविवार

उद्या मास्तरांकडे वही द्यायची. फेअर करायला बसलो. दोन ओळी लिहिल्या आणि कंटाळा आला. सरळ कंटाळा, दुसरं काही नाही. हल्ली कुठल्याही गोष्टीचा येतो. त्यांना आकडे हवेत, आकडे शोधून घेतील. बाकीचं कोण वाचतंय.

ही आज दिवसभर कपाट आवरत होती. वरचा मोठा पेटारा काढून पुसून ठेवलाय. विचारलं, तर म्हणाली धूळ फार झाली होती.

२६ तारीख, बुधवार

दोन दिवस वही मास्तरांकडे होती. आज ऑफिस सुटल्यावर गेलो.

त्यांनी सगळं वाचलंय. टेम्पो, टर्बो, अंगात येणं, सगळं. समासात लाल पेन्सिलीच्या खुणा. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं, यंत्र बंद केलं आणि हात पुसत म्हणाले, "मीटरवाले, मी हिशोब केला. एकवीस दिवसांत तुमचा काटा चार हजारांच्या वर एकदाही गेला नाही. टर्बोच्या कॅमचा दम चार हजारांवर सुरू होतो. म्हणजे घरात हत्ती बांधायचा आणि दारातून बाहेर काढायचा नाही."

त्यांनी वहीचं पान उलटलं.

"दुसरं. तुमची गाडी सगळ्यात जास्त कुठे चालते माहीत आहे? उभी असताना. तुमच्याच फाटकासमोर. कशाला?"

"एकदम बंद करू नये म्हणतात..."

"ते टर्बो असलेल्या इंजिनाला. तुमच्या ऑफिसात टर्बो आहे, गाडीत नाही." हे बोलून ते स्वतःच हसले, मग हसू आवरलं. "मोठा कॅम घातलात तर ती वीस मिनिटं उभी राहायची नाही. खोकेल, बंद पडेल, शेजारी बाहेर येतील. बसायला दुसरी जागा शोधावी लागेल तुम्हाला."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. उठायचाही कंटाळा आला म्हणून बसलो.

"आता मुद्द्याचं. वहिनी जाणार की राहणार?"

"त्याचा कॅमशी काय संबंध?"

"सगळा. त्या राहिल्या तर ही गाडी गावातच रांगणार. मग मूळचा कॅम घासून देतो, खालच्या वेगात जोर असलेला. त्या गेल्या आणि तुम्ही त्यांच्याकडे जात-येत राहिलात, तर दर खेपेला चारशे किलोमीटर महामार्ग. त्याचा उंचवटा वेगळा. आणि त्या गेल्या आणि तुम्ही जाणार नसाल, तर कॅमचा विचारच सोडा, गाडी विकून टाका. उत्तर द्यायची तारीख काय होती?"

"काल."

"मग काय दिलं त्यांनी?"

मी म्हटलं, माहीत नाही. बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

मास्तरांनी वही परत दिली. "विचारून या. तोवर मी घासायच्या दगडाला हात लावत नाही."

घरी आलो. फाटकासमोर किती मिनिटं ते आज मोजलं नाही. आत गेलो तर चहा तयार. ही समोर बसली. मी कपाकडे बघत विचारलं, "तू जाणार की राहणार?"

"आज का विचारताय?"

खोटं सांगता आलं असतं. नाही सांगितलं. "मास्तरांना कॅम घासायचाय. त्यांना कळायला हवं, गाडी कुठे धावणार."

ही हसली. खूप हसली, डोळ्यांना पदर लावला. आणि मग हसू कुठे संपलं ते मला कळलं नाही, पण पदर तसाच राहिला.

"तीन आठवडे मी वाट बघितली," म्हणाली. "आणि शेवटी विचारलं कुणी, तर कॅमने."

बारा तारखेलाच हिने हो लिहून दिलंय.

"मला सांगितलं नाहीस?"

"अकरा तारखेला दोनदा आले होते सांगायला. जेवताना तुमचे मिलिमीटर चालले होते. त्याच्या आधी संध्याकाळी फाटकापर्यंत आले, कडी काढली. तुम्ही गाडीत डोळे मिटून बसला होतात. वाटलं, दमलेत, पाच मिनिटं शांत बसू देत. म्हणून परत फिरले."

ती टिकटिक नव्हती.

२७ तारीख, गुरुवार

सकाळी मास्तरांकडे गाडी सोडली. म्हटलं, जाणार आहे. आणि मी जाणार-येणार आहे. "विचारलंत त्यांना?" म्हणाले. मी म्हटलं, जाण्याचं विचारलं, माझ्या येण्याचं नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पण यंत्र सुरू केलं.

बसने घरी आलो. आत गेलो तर टेबल रिकामं. ही बाहेर येऊन बघते तर मी उभा.

"अगं बाई, आलात कधी? आवाजच नाही आला."

"कसला आवाज?"

"गाडीचा. गाडी फाटकाशी आली की मी पंधरा मिनिटं थांबते, मग आधण ठेवते."

म्हणजे इतकी वर्षं मी बाहेर मिनिटं काढत होतो आणि ही आत मोजत होती. माझ्याहून चांगला मीटर घरात होता आणि मी बावीस वर्षं बाहेरचे तपासत बसलो.

चहा होईपर्यंत ओट्याशी उभा राहिलो. मग म्हटलं, "तू जाऊ नयेस असं मला वाटतं." हे एवढं वाक्य. तीन तारखेपासून वहीची बावीस पानं भरली, त्यात ते कुठेही नाही. मी शोधलं.

ही गाळणं हातात घेऊन उभी राहिली. "हे तुम्ही दोन तारखेला बोलला असतात, तरी मी गेलेच असते," म्हणाली. "एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढतेय, पहिल्यांदा कुणीतरी म्हटलंय, तू हे सांभाळ. पण बोलला असतात तर जाताना बरं वाटलं असतं."

"आता नाही वाटत?"

"आता वाईट वाटतंय. तेही बरंच आहे."

२९ तारीख, शनिवार

गाडी तयार. मास्तरांनी कॅम मूळच्यापेक्षा केसभर जास्त उघडणारा घासलाय. महामार्गावर तीन हजारांवर तासन्‌तास न दमता चालेल आणि गावात अडखळणार नाही. "चढावर टेम्पो मागे पडेल," म्हणाले, "रिकामा असेल तर."

ही माझ्याबरोबर आली होती. सतरा दिवसांनी गाडीत बसली. मास्तरांनी खिडकीशी वाकून बजावलं, "नवा कॅम आहे. पहिली वीस मिनिटं आयडलवर ठेवायचा नाही. पाय दाबून काटा दोन हजारांच्या वर धरा. आत्ता नुसता फुरफुरत ठेवलात तर पहिल्याच दिवशी उंचवटे खरवडून जातील." आणि हिच्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, लक्ष ठेवा. यांना उभ्या गाडीची फार सवय."

वीस मिनिटं आम्ही कारखान्याच्या आवारात उभ्या गाडीत बसलो, माझा पाय पेडलवर, इंजिन घोंघावतंय. बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागत होतं. त्यामुळे जे बोललो ते मास्तरांनीही ऐकलं असणार.

मी ओरडलो, "दर शनिवारी येईन!"

"काय?"

"दर शनिवारी!"

हिने मान हलवली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दर शनिवारी म्हणू नका. येत्या शनिवारी या."

पाय अवघडला होता. काढला नाही.

गाडीत: मी, ही. २० मि. काटा २२००.

३० तारीख, रविवार

घर ते हिची नवी खोली, १९० कि.मी., ३ तास ४० मि. काटा तीन हजार. गाडीत: मी, ही, पेटारा, शब्दकोशांची दोन खोकी, एक कुंडी. वाटेत फारसं बोललो नाही, पण न बोलणं आधीसारखं नव्हतं. तीन ट्रक मागे टाकले. तिसऱ्याला टाकल्यावर ही म्हणाली, "झालं का मनासारखं?" मी म्हटलं, झालं. खरं तर तोवर टेम्पो विसरलो होतो.

खोली पहिल्या मजल्यावर आहे. खिडकी रस्त्याकडे. पेटारा वर नेताना जिन्यात दोनदा टेकलो.

येताना: १९० कि.मी. गाडीत: मी.

शेरा: इंजिन उत्तम. एका माणसाचं वजन कमी झाल्याने कुठलाही फायदा जाणवला नाही.

५ तारीख, शुक्रवार

पाच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. ऑफिस, घर, ऑफिस. फाटकासमोर गाडी येते तशी बंद करतो, आत कुणीच मोजत नाही म्हटल्यावर बाहेर बसण्यात काही राम राहिला नाही. चहा स्वतः करतो. रोज उतू जातो.

टर्बोने विचारलं, घेतलात का माझ्यासारखा? मी म्हटलं, नाही, माझ्या गाडीत बायको बसते. बोलून गेलो आणि मग आठवलं.

६ तारीख, शनिवार

आज निघावं की नाही, सकाळी शंका आली. तिचा पहिलाच आठवडा, दमली असेल, तिला झोपायचं असेल, आपण कशाला मध्ये. किल्ली हातात घेऊन दहा मिनिटं उभा होतो. मग मुलीचं ते वाक्य आठवलं आणि निघालो.

१९० कि.मी., ३ तास ३० मि. गाडीत: मी.

खोलीखाली गाडी लावली. सवयीने हात मांडीवर ठेवून बसणार होतो. वर खिडकीत दिवसाउजेडीही दिवा लागला होता, कागदांच्या गठ्ठ्यामागे हिचं डोकं दिसत होतं. इंजिन बंद केलं. जिना चढून दार वाजवलं.

हिने दार उघडलं, बोटाला लाल शाई. माझ्याकडे बघितलं, मग मागे शेगडीकडे बघितलं. शेगडी बंद होती.

"चहा नाही झाला," म्हणाली. "मला वाटलं, अजून वीस मिनिटं आहेत."

मी म्हटलं, राहू दे. मी ठेवतो आधण.

फाटकासमोर: ० मि.